बेंचवर कोण आहे?

"फुटबॉल सोडून दुसरं काही त्याच्या डोक्यात घातलं, तर लक्ष उडेल ना?" मी खेळाडूंच्या मनाच्या बाजूवर काम करते, आणि वरच्या पातळीवर खेळणाऱ्या मुलांचे आईवडील मला हा प्रश्न हमखास विचारतात. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून एका मुलाची गोष्ट सांगते.

17 वर्षांचा मिडफिल्डर, लहानपणापासून फुटबॉल अकादमीत. गुडघ्याचं एसीएल (गुडघा स्थिर ठेवणारं लिगामेंट) फाटलं, शस्त्रक्रिया झाली. अशा दुखापतीनंतर मैदानावर परतायला निदान 9 महिने तरी द्यावेच लागतात, घाई केली तर ते पुन्हा फाटण्याचा धोका वाढतो. गुडघा छान भरत होता. पण मुलगा टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून बाहेर पडला होता, रात्र रात्र जागा असायचा, मॅच लागली की टीव्ही बंद करायचा. वडील म्हणाले, "मॅडम, फक्त त्याची जिद्द परत आणा."

पहिल्याच भेटीत मी माती खाल्ली. "फुटबॉल म्हणजे सगळं आयुष्य नाही," असं बोलून गेले. तो शांतपणे म्हणाला, "मी आता खेळणार नाही असं ज्यांना वाटतं, ते सगळे हेच म्हणतात." पुढचा अर्धा तास मी भिंतीशी बोलत होते.

झोप आणि उदासी पाहून त्याला आधी मानसोपचारतज्ज्ञांना दाखवून घेतलं. (जगण्यात अर्थ नाही अशी भाषा कानावर आली, तर त्याच दिवशी दाखवावं.) पुढच्या भेटीत मी कागद दिला: 'मी कोण?' याची वीस उत्तरं लिही. ही चाचणी 1954 सालची, साधीच. तो अकरावर थांबला. आठ नंबरची जर्सी, डाव्या पायाचा, अंडर-17चा कॅप्टन... अकराच्या अकरा फुटबॉलची. मोजून स्वतःच हसला, "टीम पूर्ण झाली."

"आणि बेंचवर, राखीव कोण?" मी विचारलं.

तो बराच वेळ कागदाकडे बघत राहिला.

'मी खेळाडू आहे' ही ओळख किती घट्ट आहे, हे मोजायची प्रश्नावली मानसशास्त्रज्ञ ब्रूअर आणि सहकाऱ्यांनी 1993 मध्ये मांडली. ही ओळख बळ की मर्मस्थान, असा त्यांचा प्रश्न होता. माझ्या अनुभवात दोन्ही. पहाटे उठवते तीच. पण ती एकटीच असली, की दुखापत झाली किंवा अकादमीने नाव वगळलं, की मागे माणूसच उरत नाही. म्हणून मी ती काढायला जात नाही, तिच्या शेजारी जागा करते.

छंद मात्र औषधासारखा पाजता येत नाही. मी एवढंच विचारलं, कोणी टाळ्या वाजवत नाही असं तू काय करतोस? मित्रांच्या सायकली उघडून परत जोडायचा तो, बसल्या बसल्या. ते पुन्हा सुरू झालं. कोचनेही त्याला शेजारी बसवून प्रतिस्पर्धी कुठे प्रेस करतात, म्हणजे बॉल हिसकायला अंगावर येतात, ते टिपायला सांगितलं, त्यामुळे टीम सुटली नाही.

वडिलांना एकच काम दिलं: फिजिओचा दिवस सोडून गुडघ्याबद्दल विचारायचं नाही. पहिला आठवडा दोघांना बोलायला विषयच सापडला नाही, हे त्यांनीच सांगितलं. मुलापेक्षा त्यांना ते जड गेलं असावं.

अकराव्या महिन्यात तो शेवटची वीस मिनिटं मैदानात उतरला. रात्री वडिलांचा फोन. "मी काहीच विचारलं नाही मॅडम. त्याने आधी कोणाच्या तरी गिअरची कटकट सांगितली. मग मॅचचं."