नेट घ्यायच्या आधी गल्लीत विचार

भावा, घरी नेट गल्लीतल्या केबलवाल्याचं घेऊ की मोठ्या कंपनीचं, असं विचारतोयस ना? कंपनीच्या जाहिरातीत क्रिकेट आणि सिनेमे ‘फुकट’ दिसले म्हणून लगेच पैसे भरू नकोस. 2024 मध्ये रिलायन्स (जिओचं नेट देणारी) आणि डिस्नेचा भारतातला वाहिन्यांचा धंदा एक झाला. म्हणजे वायर टाकणारा आणि मॅच दाखवणारा आता घरचेच. त्यात वाईट काही नाही, पण तुला नेट हवंय, मॅच तर मोबाइलवरही दिसते.

सांगलीत विश्रामबागेत राहतोस ना? मग वरच्या मजल्यावरच्या काकूंना विचार, पावसाळ्यात नेट किती वेळा जातं. वायर खांबावरून लोंबकळत येते का, तेही बघून घे. आमच्या गल्लीत उसाच्या ट्रॉलीला अडकून वायर तुटली, तर केबलवाला दादा तासाभरात शिडी घेऊन हजर. जोडणी करून चहा पिऊनच गेला. असा माणूस जवळ असेल तर मी त्याचंच नेट घेईन. नसेल तर खुशाल कंपनीचं घे.

दर 18 टक्के जीएसटी धरून विचार. 100 एमबीपीएस म्हणजे सेकंदाला 100 मेगाबिट, आणि आठ बिटांचा एक बाइट, म्हणून फाइल उतरते सेकंदाला जेमतेम साडेबारा एमबी, हेही ध्यानात ठेव. वर्षाचे पैसे एकदम भरू नकोस. मी भरले आणि चौथ्याच महिन्यात घर मिरजेला हलवलं! राउटरला छोटा यूपीएस मात्र लाव, लाइट जातेच.