साक्ष देण्याआधी

चि. बेटी,

प्रभूच्या नावात सलाम.

वर्षभर गोळ्या नियमित चालू आहेत, झोप लागते, कामावर जातेस, हे वाचून फार बरं वाटलं. पण पुढची ओळ वाचली आणि लगेच लिहायला बसले. चर्चच्या संमेलनात साक्ष द्यायची, म्हणजे प्रभूनं आपल्याला कसं बरं केलं ते सगळ्यांपुढे सांगायचं, म्हणून मनाच्या आजारावरची लिथियमची गोळी बंद करायचं तुझ्या मनात आहे. ‘गोळ्या चालू असताना प्रभूनं बरं केलं असं कुठल्या तोंडानं सांगू?’ असं विचारतेस.

याच तोंडानं सांग. किंवा सांगूच नकोस, साक्षीची सक्ती कुणावर नाही. पण साक्षीसाठी गोळी सोडू नकोस.

मिशन हॉस्पिटलात माझी उभी हयात गेली. मिरजेला वानलेस डॉक्टरांनी 1894 साली हॉस्पिटल उघडलं, तेव्हापासून आपल्या लोकांच्या पिढ्या तिथं ऑपरेशनला गेल्या. टेबलावर घेण्याआधी प्रार्थना व्हायची आणि मग भूल दिली जायची. या बाईचा विश्वास कमी पडला, असं तेव्हा कुणी म्हटलं नाही. आतडं, डोळा, गर्भाशय डॉक्टरच्या हाती द्यायला आपली ना नसते. मनाचं दुखणं निघालं की मात्र मंडळीतल्या प्रत्येकाला पवित्र शास्त्र आठवतं.

मग शास्त्रच काढू. बायबलातला मत्तयाचा 8वा अध्याय उघड. प्रभू कुष्ठरोग्याला स्पर्श करतो, तो शुद्ध होतो. त्यानंतर प्रभू त्याला काय सांगतो? कुणाला सांगू नकोस, जाऊन स्वतःला याजकाला दाखव. मोशेच्या नियमशास्त्रात कातडी तपासून माणूस शुद्ध की अशुद्ध हे ठरवायचं काम याजकाचं होतं. म्हणजे खुद्द प्रभूनं बरं केलेला माणूससुद्धा आधी तपासणीला गेला पाहिजे होता. तू बरी झाली आहेस असं तुला वाटत असेल, तर ते तुझ्या डॉक्टरांना सांग. कमी करायचं की नाही, करायचं तर किती आणि किती महिन्यांत, ते त्यांना ठरवू दे. लिथियम एकदम थांबवलं तर मॅनिया, म्हणजे मन अतोनात उंचावून बेभान होण्याचा झटका, उलटून येण्याचा धोका वाढतो. साक्षीच्या दिवशी तू ठणठणीत असशील, प्रश्न त्यानंतरच्या महिन्यांचा आहे.

हिज्कीया राजाची गोष्टही वाच, 2 राजे 20. त्याची प्रार्थना ऐकली गेली, 15 वर्षांचं आयुष्य वाढवून मिळालं, आणि तरीही यशया संदेष्ट्यानं गळवावर अंजिरांचा लेप लावायला सांगितला. त्या लेपामुळे देवाचा मान कमी झाला, असं तिथं कुठं लिहिलेलं नाही.

‘शुगरची गोळी घेतो तशीच ही’ असं लोक समजावतात. वादात ते उपयोगी पडतं, पण मला पुरतं पटत नाही. शुगर वाढली म्हणून कुणाला ‘देवानं मला टाकलं’ असं वाटत नाही. हा आजार नेमका प्रार्थनेच्या जागीच शिरतो. उदासी आली की वचन कोरडं लागतं, आणि मॅनियात दर दहा मिनिटांनी देव बोलतोय असं वाटतं. विल्यम कूपर या इंग्रज कवीची भक्तिगीतं आजही उपासनेत गातात. पण 1773 नंतर देवानं आपल्याला कायमचं नाकारलंय अशी त्याची खात्री होऊन बसली आणि त्यानं चर्चला जाणंच सोडलं. जॉन न्यूटनसारखा पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, त्याचा मित्र होता, तरी ती खात्री हलली नाही. तेव्हा औषध नव्हतं. लिथियमचा मॅनियावर उपयोग होतो हे ऑस्ट्रेलियात जॉन केडनं दाखवलं ते 1949 साली. म्हणून उदासीच्या दिवसांत आपल्या विश्वासाचा हिशेब मांडायला बसू नकोस, तेव्हा वजाबाकीच दिसणार.

स्टॅन्ली जोन्स यांचं नाव तू ऐकलं असशील. मिशनरी म्हणून भारतात आल्यावर पहिल्या आठ-नऊ वर्षांत ते मनानं पुरते खचले होते. लखनौला एका रात्री प्रार्थनेत आपण बरे झालो, असं ते स्वतः सांगत. गोळीबिळी काही नाही. तुझ्या संमेलनाला हवी तशी साक्ष! आणि याच माणसानं 1950 साली लखनौला नूर मंझिल हे मनोरुग्णांसाठीचं केंद्र काढलं. स्वतःला जसं मिळालं तसंच दुसऱ्यालाही मिळालं पाहिजे, असा हट्ट त्यांनी धरला नाही.

आता उपासाचं. संमेलनाआधी तीन दिवस निर्जळी उपास-प्रार्थना आहे म्हणतेस. तो तू करायचा नाहीस. इथं मी परिचारिका म्हणून बोलतेय. लिथियम मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं. अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं की मूत्रपिंड ते धरून ठेवतं आणि रक्तातली पातळी चढते. हात जास्त कापायला लागतात, उलट्या-जुलाब होतात, चाल आणि बोलणं अडखळतं. तसं झालं तर थेट हॉस्पिटल गाठायचं, कुणी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करेपर्यंत थांबायचं नाही. अंगदुखीला आयबुप्रोफेनही मनानं घेऊ नकोस, त्यानंही पातळी वाढते. काही सोडायचंच असेल तर मोबाईल सोड. (चहा सोड म्हणणार होते, पण ते मला स्वतःला कधी जमलं नाही.)

गोळ्यांचा त्रास होतो, तहान लागते, वजन वाढतं, हे खरं आहे. ते डॉक्टरांपुढे भीड न ठेवता बोल. विश्वासाबद्दल विचारलं की ते विषय बदलतात, ही तुझी तक्रारही रास्त आहे. पण त्यावर उपाय डॉक्टर बदलणं हा आहे, गोळी टाकणं नाही.

पाळकांना मी ओळखते, मनानं वाईट माणूस नाही. त्यांना सरळ सांग, ‘माझ्यासाठी प्रार्थना करा, गोळ्यांचं डॉक्टर बघतील.’ पण ‘दुरात्मा’ म्हणून कुणी बांधायची, मारायची भाषा केली तर तिथून उठून ये आणि मला फोन कर. मनोरुग्णाला साखळीनं बांधायला 2017च्या मानसिक आरोग्य कायद्यानं बंदी आहे. रात्री मन फार खाली गेलं तर टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा नंबर लाव, मराठीत बोलतात.

या महिन्यात रक्ताची तपासणी आहे ना? रक्त शेवटच्या गोळीनंतर 12 तासांनी द्यायचं असतं, म्हणून सकाळची गोळी रक्त दिल्यावरच घे. बरोबर थायरॉईड आणि क्रिएटिनिनही (मूत्रपिंडाची तपासणी) करायचंय का, ते विचार. आईला सोबत ने. रिपोर्ट आला की पातळी किती आली ते कळव.

तुझी,
मावशी