वाचकांचे प्रश्न : खोल जाणाऱ्या लुअरसाठी रॉड कोणता घ्यावा?

प्रश्न : मी भुसावळचा रहिवासी असून लहानपणापासून तापीच्या काठी बांबूची काठी आणि गांडुळाचे आमिष घेऊन मासेमारी करत आलो आहे. दोन वर्षांपूर्वी सहा फुटांचा, ‘फास्ट ॲक्शन’ असे लिहिलेला कार्बनचा रॉड घेतला. मरळीसाठी रबराचा बेडूक टाकायला तो उत्तम आहे. या हिवाळ्यात मात्र मी सहा ते दहा फूट खोल जाणारी दोन आणि बारा ते पंधरा फूट खोल जाणारे एक, अशी तीन लुअर, म्हणजे माशासारखी दिसणारी नकली आमिषे, आणली आणि तेव्हापासून अडचण सुरू झाली. मोठे लुअर ओढताना रॉडचे टोक सतत वाकलेले राहते, अर्ध्या तासात मनगट भरून येते आणि आतापर्यंत तीन मासे लागून सुटले. दुकानदार म्हणतात की याहून कडक रॉड घ्या. मी तसे करावे का? आणि दोन्ही प्रकारच्या लुअरना एकच रॉड पुरेल का?

उत्तर : दुकानदाराचा सल्ला अर्धा बरोबर आहे आणि उरलेल्या अर्ध्याने आपले मासे आणखी सुटतील. आपल्याला अधिक ताकदीचा रॉड हवा आहे, पण तो आजच्याहून ताठ नको, उलट अधिक खोलवर वाकणारा हवा. हे वाक्य परस्परविरोधी वाटेल, कारण ‘कडक’ या एकाच शब्दात आपण दोन वेगळ्या गोष्टी बसवतो. पॉवर म्हणजे रॉड वाकवायला किती जोर लागतो ते, आणि ॲक्शन म्हणजे तो कुठून वाकतो ते. सातपुड्यातल्या भिल्ल बांधवांचा तिरकामठा ज्यांनी हातात घेऊन पाहिला असेल त्यांना हे लगेच उमजेल. तो कामठा ओढायला दंडात बळ लागते, म्हणजे त्याची पॉवर मोठी. पण दोरी ताणली की तो टोकापासून मुठीपर्यंत सारखा वाकतो. बैल हाकायच्या चाबकाचे याच्या उलट असते, तिथे टोक लवते आणि दांडा ताठच राहतो. बेडकासाठी घेतलेला आपला रॉड चाबकाच्या जातीचा आहे आणि खोल जाणाऱ्या लुअरला कामठ्याच्या जातीचा रॉड लागतो.

याचे कारण लुअरच्या रचनेत आहे. लुअरच्या तोंडापुढे जी प्लास्टिकची पट्टी असते, जिला सगळे लिप म्हणतात, ती आखूड आणि खाली झुकलेली असेल तर लुअर वरच्या पाण्यातच राहते. ती लांब, रुंद आणि अंगाच्या सरळ रेषेत पुढे आलेली असेल तर ओढताच नांगराच्या फाळासारखी पाण्यात घुसते. फाळ जितका खोल तितका बैलांच्या खांद्यावर भार अधिक, तसाच हा भार दोरीतून रॉडवर येतो. म्हणजे मासा लागण्याआधीच रॉड काम करत असतो. ज्या रॉडचे फक्त टोक वाकते त्याचे टोक या भारानेच संपून जाते, आणि मासा लागतो तेव्हा वाकायला त्याच्याकडे केवळ ताठ दांडा उरतो. आपल्या पत्रातले सतत वाकलेले टोक हेच सांगते.

दुसरे कारण गळांचे. बेडकाला जाड तारेचा मोठा गळ असतो, तो माशाच्या जबड्यात ठोकून बसवावा लागतो आणि त्यासाठी ताठ रॉडच हवा. या लुअरना मात्र बारीक तारेचे, तीन टोकांचे दोन गळ असतात. ते मुळातच टोकदार असतात आणि लुअर चालत्या दोरीवर असल्यामुळे मासा तोंड मिटतो तेव्हाच बहुधा रुततात. तिथे हिसका मारण्याची गरज नसते, फक्त ताण कायम राहावा लागतो. मासा भक्ष्य गिळताना तोंड उघडून पाण्यासकट आत ओढून घेतो; त्या क्षणी ताठ रॉड लुअर त्याच्या तोंडातून काढून घेतो, आणि मध्यापर्यंत वाकणारा रॉड तेवढीच हातभर सूट देतो. पुढे मासा डोके झटकतो तेव्हा प्रत्येक झटका रॉडने पोटात घ्यायचा असतो, नाहीतर तो सरळ गळाच्या टोकावर जातो.

हे मी वाघूर धरणाच्या पाणलोटात स्वतः अनुभवले आहे. जानेवारीतली सकाळ होती, पाण्यावर धुके होते आणि माझ्या हातात असाच ताठ रॉड आणि अजिबात न ताणली जाणारी विणलेली दोरी होती. शिवड्याने लुअर धरले, मी सवयीने दोन्ही हातांनी हिसका दिला आणि लुअर सुटून माझ्या मागच्या बाभळीवर जाऊन अडकले. ते काढले तेव्हा मागच्या गळाच्या एका टोकावर नखाएवढा ओठाचा तुकडा होता आणि दुसरे टोक सरळ झाले होते. मासा गेल्याचे दुःख होतेच, पण त्याचे तोंड फाडून मी त्याला पाण्यात सोडले याचे अधिक वाईट वाटले. शिवडा आज जगभरात धोक्यात आलेल्या माशांच्या यादीत आहे; तो पकडून सोडायचा असेल तर तो धड सुटला पाहिजे, आणि ते बऱ्याच अंशी रॉडवर अवलंबून आहे.

आता प्रत्यक्ष निवडीकडे येऊ. ॲक्शन ‘मॉडरेट’ किंवा ‘मॉडरेट फास्ट’, म्हणजे मध्यापर्यंत वाकणारी असावी (‘फास्ट’ म्हणजे फक्त टोक वाकणारी); जपानी बनावटीच्या रॉडवर हीच गोष्ट ‘रेग्युलर’ किंवा ‘रेग्युलर फास्ट’ या शब्दांनी लिहिलेली असते. सहा ते दहा फूट जाणारी लुअर साधारण १० ते १५ ग्रॅमची असतात, त्यांना मीडियम पॉवरचा, सात फुटांचा म्हणजे सुमारे २१३ सेंटिमीटरचा रॉड पुरतो. बारा ते पंधरा फूट जाणारी लुअर बहुधा १८ ते २८ ग्रॅमची असतात, त्यांना मीडियम हेवी आणि साडेसात फुटांच्या आसपासचा रॉड घ्यावा. लांबी शोभेसाठी नसते. खोल जाणारे लुअर पाण्यात पडल्यावर हळूहळू उतरते, मधल्या टप्प्यात पूर्ण खोलीवर चालते आणि आपल्याजवळ येताना पुन्हा वर चढते. फेक जितकी लांब तितका तो मधला टप्पा मोठा, आणि लांब रॉडने फेक लांब जाते.

रॉडच्या मुठीवर लुअरचे वजन ग्रॅममध्ये किंवा औंसात छापलेले असते. एक औंस म्हणजे सुमारे २८ ग्रॅम. छापलेल्या मर्यादेच्या वरच्या टोकाला आपले लुअर बसत असेल तर तो रॉड घेऊ नये, कारण तो आकडा फेकण्यापुरता असतो आणि खोल लुअर ओढतानाचा भार त्यात धरलेला नसतो. मुठीची लांबीही पाहावी. रील, म्हणजे दोरी गुंडाळण्याचे यंत्र, धरलेल्या हाताच्या कोपराच्या मागे चार बोटे दांडा निघाला की तो हाताखाली दाबून धरता येतो आणि मनगटावरचा भार दंडावर जातो. आपले मनगट भरून येण्याचे एक कारण सहा फुटी रॉडची आखूड मूठ हे असणार, याची मला जवळजवळ खात्री आहे.

रॉड कशाचा असावा याबद्दल माझे मत असे की, काचतंतूचा म्हणजे फायबरग्लासचा रॉड या कामाला स्वभावतः योग्य आहे, कारण तो सावकाश आणि खोलवर वाकतो. पण तो जड असतो आणि दगडाला लुअर टेकल्याचे हाताला कमी कळते. काचतंतू आणि कार्बन मिसळून केलेला कंपोझिट रॉड मिळाला तर तो पहिली पसंती समजावी. निव्वळ कार्बनचा, पण मॉडरेट ॲक्शनचा रॉडही चालतो. ‘इतके टक्के कार्बन’ ही जाहिरात मात्र निवडीचा आधार होऊ शकत नाही.

दुकानात पाच मिनिटे मागून घ्या. रॉड जोडा, दोरी कड्यांतून ओवा, तिचे टोक सोबत्याच्या हातात द्या आणि त्याला दहा पावले लांब उभे करून सावकाश ताण द्या. वाक टोकापाशीच थांबत असेल तर तो रॉड बाजूला ठेवा. वाक मधल्या कड्यांपर्यंत उतरून खालचा तिसरा हिस्सा तेवढा खंबीर राहत असेल तर तो आपल्या कामाचा. वाकलेल्या अवस्थेत दोरी रॉडच्या अंगाला घासते का तेही पाहा. मग डोळ्याजवळ धरून सगळी कडी एका रेषेत आहेत का हे तपासा आणि प्रत्येक कड्यातून कापसाचा बोळा फिरवा. आत कुठे तडा असेल तर कापसाचे तंतू तिथे अडकून राहतात, आणि तोच तडा पुढे दोरी कापतो.

एकाच रॉडचा प्रश्न उरला. एकच घ्यायचा असेल तर सात फुटांचा, मीडियम हेवी, मॉडरेट फास्ट रॉड घ्या. दहा फूट खोल जाणारे लुअर त्यावर छान चालेल आणि पंधरा फूट जाणारे लुअर तो सांभाळून घेईल. मात्र त्याआधी आपण मासेमारी कुठे करता याचा विचार करा. आपल्याला जवळ हतनूर धरण आहे, जिथे तापी-पूर्णेचा गाळ वर्षानुवर्षे साचत आला आहे आणि अनेक ठिकाणी काठ मंद उताराने आत जातो. अशा काठावरून पंधरा फुटी लुअर टाकले तर ते जवळ येताना गाळात नाक खुपसते आणि त्याच्या खोलीचा उपयोगच होत नाही. तिथे सहा ते दहा फुटी लुअरच योग्य. खोल लुअरचे खरे काम जुन्या नदीपात्राच्या कडेला, खडकाळ सरळ उतारावर किंवा नावेतून असते. लुअर तळाच्या दगडाला हलकेच टेकून बाजूला उसळावे इतकीच खोली हवी, कारण बहुतेक वेळा मासा त्या उसळीलाच झडप घालतो. म्हणून किनाऱ्यावरून फिरणाऱ्या माणसाने आधी मध्यम लुअरचा रॉड नीट घ्यावा आणि खोल लुअरसाठी वेगळा रॉड घेण्याची घाई करू नये, असे मला वाटते.

धरणाच्या दरवाजांखालचे पात्र मात्र मोह कितीही झाला तरी टाळा, कारण तिथे पाणी कधी वाढेल याचा भरवसा नसतो. तसेच जलाशयांतील मासेमारीचे हक्क बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात. त्यांची परवानगी घेऊनच गळ टाकावा.

प्रश्न : याच लुअरसाठी रील आणि दोरी कशी असावी? (धुळे)

उत्तर : रीलवर ५ : १ किंवा ७ : १ असा आकडा असतो, म्हणजे मूठ एकदा फिरवली की दोरी गुंडाळण्याचे चाक किती वेळा फिरते ते. खोल लुअरला ५ : १ च्या जवळचे रील घ्यावे, ते सावकाश गुंडाळते, पण भार सहज ओढते. दोरी जितकी बारीक तितके लुअर खोल जाते, त्यामुळे जाड तंगूस लावून पंधरा फुटांची अपेक्षा करू नये. १० ते १२ पौंडांचा ताण सोसणारी फ्लुरोकार्बन दोरी (एकसंध प्लास्टिकचा धागा) मला या कामाला सर्वांत चांगली वाटते. विणलेली दोरी ताणली जात नाही, म्हणून ती वापरणाऱ्याने रॉड आणखी नरम वाकाचा घ्यावा आणि पुढे हातभर फ्लुरोकार्बन जोडावी. रीलचा ब्रेक, म्हणजे ठरावीक ताणानंतर दोरी सुटू देणारी कळ, किती आवळावा हे अंदाजाने ठरवू नका. भाजी तोलायचा स्प्रिंगचा काटा दोरीला अडकवून ओढा. १२ पौंडांची, म्हणजे सुमारे साडेपाच किलोची दोरी सव्वा ते दीड किलोवर सुटू लागली पाहिजे.

प्रश्न : मोटारसायकलवरून शहाद्याहून प्रकाशाला जातो. दोन तुकड्यांचा रॉड कमजोर असतो का? (नंदुरबार जिल्हा)

उत्तर : चांगल्या बनावटीत जाणवण्याइतका फरक नसतो. सांध्यावर मेणबत्तीचे मेण किंचित चोळा, तुकडे फिरवत न बसवता सरळ दाबा आणि दर दहा-बारा फेकींनंतर सांधा सैल झाला का ते पाहा. बहुतेक रॉड सांध्यापाशी मोडतात ते सैल सांध्यामुळे. रॉड कडक नळीत घालून न्यावा. एक इशारा मनापासून देतो. कार्बनमधून वीज वाहते. शेतातून किंवा पात्रावरून जाणाऱ्या तारांखाली रॉड जोडू नका, उभा धरून चालू नका आणि वीज कडाडू लागली की तो खाली ठेवून दूर व्हा.

प्रश्न : माझे नवे लुअर खोल जाण्याऐवजी एका बाजूला कलून वर येते. रॉडचा दोष असेल का? (चोपडा)

उत्तर : रॉडचा नाही. लुअरचे नाक आपल्याकडे करून धरा. ओढताना ते आपल्या डावीकडे जात असेल तर दोरी बांधायचे कडे बारीक पकडीने केसभर उजवीकडे वळवा, उजवीकडे जात असेल तर डावीकडे. एका वेळी अगदी थोडेच वळवा आणि दर वेळी काठाजवळच्या स्वच्छ पाण्यात दोन वाव ओढून पाहा.