गाडीच्या विम्याचा पहिलाच क्लेम आहे? मग आत्ता एवढंच बघा

टेन्शन घेऊ नका, पहिल्या क्लेमला सगळ्यांचंच डोकं फिरतं.

- सर्व्हेयर (नुकसान तपासायला येणारा माणूस) बघून जाईपर्यंत गाडी खोलू देऊ नका. गॅरेजवाला म्हणेल बंपर नुसता काढून ठेवतो, ठाम नाही म्हणा, नाहीतर हे नुकसान आधीचंच होतं म्हणायला कंपनी मोकळी.
- फोनवर काही ठरलं की लगेच दोन ओळींचा ईमेल टाका, कोण बोललं काय म्हणालं, क्लेम नंबरसकट, कारण पुढच्या वेळी फोनवर भलताच माणूस असतो आणि त्याला सगळं रामायण पहिल्यापासून ऐकवावं लागतं (वैताग नुसता!).
- 'फुल अँड फायनल' (म्हणजे हिशोब मिटला, आता आणखी काही मागणार नाही) लिहिलेल्या कागदावर घाईत सही नको, पैसे कशाचे कापले ते आधी लेखी मागा.

तक्रार, विमा लोकपाल वगैरे नंतर बघू. आधी पॉलिसीतलं एक्सक्लुजनचं (कशाकशाचे पैसे मिळत नाहीत त्याचं) पान वाचून काढा.