सापळा खोपीत, माणूस फडात

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

आराखडा वाचला. वाळवा तालुक्यात ऊसतोड टोळ्या उतरतात, त्यांना हिवतापाचे डास किती चावतात ते मोजायचं, आणि त्यासाठी तळावरच्या काही खोप्यांत प्रकाश सापळे लावायचे. विषय झकास आहे. सापळ्यावर मात्र माझा आक्षेप आहे.

रात्री नऊला एखाद्या तळावर जाऊन बघ. खोपीत झोपलेली असतात ती पोरं. बाई बाहेर चुलीपाशी भांडी घासत असते, गडी बैलांपुढं वाढं टाकत असतो. मुकादमाचा निरोप आला की दोघंही गाडी भरायला फडात. पहाटे तीनला बाई भाकरी थापायला उठते, तीही बाहेरच. आणि तुझा सापळा रात्रभर आत, मच्छरदाणीशेजारी टांगलेला. सकाळी त्यातले डास मोजून तू लिहिणार, 'या तळावर डासांचा त्रास कमी.' कुणाला कमी?

आमच्या खात्यात पूर्वापार चालत आलेला आकडा म्हणजे पर मॅन अवर डेन्सिटी. भल्या सकाळी बॅटरी आणि चूषक नळी घेऊन घराघरांत, गोठ्यांत शिरायचं, भिंतीवर बसलेले डास ओढायचे आणि माणशी तासाला किती सापडले ते काढायचं. फवारणी कुठं करायची हे ठरवायला तो आकडा उत्तम. पण भिंतीवर बसलेला डास कुणाला चावून आलाय हे त्यातून कळत नाही. आपल्या ग्रामीण भागातला हिवतापाचा मुख्य डास ॲनॉफिलिस क्युलिसिफॅसीस. त्याचा ओढा माणसापेक्षा गुरांकडे जास्त. पोट लाल टम्म फुगलेली मादी सापडली की नवखा माणूस हरखून जातो. तपासणीत ते रक्त बहुधा बैलाचं निघतं. म्हणून पोटातलं रक्त कुणाचं हे तपासल्याशिवाय गोठ्याजवळच्या आकड्यावर फार काही बोलू नये. तुझ्याकडे बैलगाडीवाल्यांचे तळ आहेत आणि ट्रॅक्टरवाल्यांचेही. ही तुलना आयती चालून आलीय, ती सोडू नकोस. बैल जवळ असले की डास त्यांच्याकडे वळतात, की त्यांच्यामुळे तळावर जास्त गोळा होतात, हे दोन्ही ठिकाणी मोजल्याशिवाय सांगता यायचं नाही.

पँट गुडघ्यापर्यंत दुमडून रात्रभर बसायचं आणि पायावर उतरणारा डास चावायच्या आत नळीत ओढायचा, ही पद्धत तुला कुणीतरी सुचवेलच. चाव्यांच्या सगळ्यात जवळ जाणारी तीच. तरी तू बसू नकोस, आणि पैसे देऊन एखाद्या मजुराला तर मुळीच बसवू नकोस. हिवतापासाठी आधी गोळ्या घेता येतात, डेंगीसाठी तशी गोळी नाही.

आता मुद्द्याचं. बिहारमध्ये काळा आजार (काला-आजार, लांबत जाणारा ताप) वालुमाशी चावल्यामुळे पसरतो. मुजफ्फरपूरकडे आणि नेपाळात गावंच्या गावं निवडून औषध लावलेल्या मच्छरदाण्या वाटल्या होत्या. घरातल्या वालुमाश्या सुमारे पाव हिश्शाने कमी झाल्या. पण लोकांच्या रक्तात वालुमाशीच्या लाळेविरुद्धची जी प्रतिपिंडं (अँटीबॉडी) असतात, ती किरकोळच उतरली. आणि २०१० साली निकाल छापून आले तेव्हा काळ्या आजाराच्या संसर्गात दखल घेण्याजोगा फरक नव्हता. माशी घराबाहेर किंवा मच्छरदाणीत शिरण्याआधी चावत असणार, ही एक शक्यता. घरातला सापळा ते सांगूच शकत नव्हता, माणसाच्या रक्तानं सांगितलं.

हेच तुला डासांसाठी करता येईल. डास चावताना लाळ सोडतो, शरीर त्या लाळेतल्या प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं. त्यातलं जीएसजी-६ हे प्रथिन ॲनॉफिलिसचंच; क्युलेक्स या हिवताप न पसरवणाऱ्या डासाचं नाही. ही गोष्ट तुझ्या फार कामाची, कारण नदीकाठच्या गटारांत क्युलेक्सच मुबलक आणि लोक तक्रार करतात तीही त्याचीच. चावे थांबले की काही आठवड्यांत, महिन्यांत ही प्रतिपिंडं उतरतात. अंगोलात मच्छरदाण्या वाटल्यावर ती उतरलेली दिसली. म्हणजे ही पासबुकातली शिल्लक, जन्मभराचा हिशेब नव्हे.

त्यातच तुझी खरी गोम आहे. टोळ्या येतात बीडकडून, अहिल्यानगरकडून. इथं उतरल्या दिवशी तू बोटातून रक्त घेतलंस तर तुला गावाकडचे चावे मोजायला मिळतील, कृष्णाकाठचे नाहीत. तेव्हा टोळी उतरली की रक्ताचा पहिला ठिपका घे आणि दीड-दोन महिन्यांनी त्याच माणसांचा दुसरा. आपल्याकडे गळीत थंडीत चालू होतं हेही ध्यानात ठेव; डास घटले म्हणून आकडा उतरला असेल, त्याचं श्रेय मच्छरदाणीला देऊन मोकळा होऊ नकोस. तळाशेजारच्या वस्तीवरची घरंही त्याच दोन वेळांना घे, म्हणजे तुलनेला आधार राहील. आणि एकट्या माणसाच्या आकड्यावरून कधीच बोलू नकोस. वयानुसार फरक पडतो, अंगाअंगाचाही पडतो. बोलायचं ते गटाबद्दल. शिवाय यातून चावे कळतात, आजार नाही. त्या डासांत हिवतापाचा परजीवी होता का, हा वेगळा प्रश्न, आणि रुग्ण तुरळक असतील तिथं हजारो डास फाडूनही हाताला काही लागत नाही. म्हणून तर चावे मोजायचे.

ठिपके गाळणकागदावर घेतलेस की सावलीत पूर्ण सुकू दे, मगच ओलावा शोषणाऱ्या पुडीसोबत पाकिटात बंद कर. ओला ठिपका बंद केलास तर बुरशी आलीच म्हणून समज.

संमती घेताना मुकादमाचा होकार पुरे धरू नकोस. उचल घेतलेला माणूस मुकादमासमोर नाही म्हणत नाही. बाईशी तो नसताना बोल, बरोबर आशाताई असल्या तर उत्तम. एचबी (हिमोग्लोबिन) तपासणार का, असं त्या विचारतीलच. तशी सोय उपकेंद्राशी आधी बोलून ठेव.

कोण कुठल्या वेळी कुठं असतं हे लिहायचा तासांचा तक्ता छापायला टाकण्याआधी मला पाठव. त्यात 'झोपण्याची वेळ' असा एकच रकाना दिसतोय. बाईसाठी दोन लागतील: संध्याकाळी पाठ टेकते ती वेळ, आणि गाडी भरून आल्यावर पुन्हा आडवी होते ती.

कळावे.