बाळ झोपलं तरी मला झोप येत नाही

प्रिय ताई,
माझं बाळ पाच आठवड्यांचं आहे. सिझेरियन झालं, सध्या माहेरी आहे. सगळे म्हणतात, किती गोड बाळ, नशीब काढलंस. मला मात्र त्याच्याकडे बघून काहीच वाटत नाही. ते रडलं की छातीत धडधडतं. ते झोपलं तरी मला झोप येत नाही. न्हाणीघरात नळ सोडून रडते. संध्याकाळी ते दोन-दोन तास अंगाला लागून असतं, म्हणून मालिशवाल्या मावशी म्हणतात, दूध पुरत नाही, वरचं सुरू करा. आईला सांगायला गेले तर म्हणते, "आम्ही नाही का तीन-तीन वाढवली?" मी वाईट आई आहे का?
– एक आई, सांगली जिल्हा

बाळा,
तू वाईट आई नाहीस. तू आजारी असू शकतेस, आणि हा आजार बरा होतो.

बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाच भरून येणं, चिडचिड होणं बहुतेकींना होतं. संप्रेरकं एकाएकी उतरतात, झोप मोडलेली असते. दहा-पंधरा दिवसांत ते आपोआप ओसरतं. तुझं पाच आठवडे झाले तरी ओसरलेलं नाही. त्यात "बाळ झोपलं तरी मला झोप येत नाही" हे तुझं वाक्य वाचून मी थांबले. दमलेली बाळंतीण पाठ टेकली की झोपते. तिला झोपच लागत नसेल, तर ते डॉक्टरांच्या कानावर घालायलाच हवं. भारतातल्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात आला होता. त्यात बाळंतपणानंतरच्या नैराश्याचं प्रमाण २२ टक्के निघालं. म्हणजे तुझ्या वॉर्डातल्या पाच जणींमध्ये एखादी तरी तुझ्यासारखीच रडत असणार.

सहा आठवड्यांची तपासणी आता आलीच आहे. तिथे टाके बघतील, बाळाचं वजन करतील. मनाचं कोणी विचारलं नाही तर तू स्वतः सांग. बोलताना रडू आलं तर मला लिहिलेलं पत्र त्यांच्या हातात दे. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासायचं का, तेही विचार, कारण त्यांच्यामुळेही असा थकवा आणि उदासी येते. औषध लागलंच तर अंगावर पाजत असताना घेता येतील अशी औषधं आहेत. त्या भीतीने जाणं टाळू नकोस. आणि स्वतःला किंवा बाळाला काही करावं असा विचार मनात आला, नाही ते आवाज ऐकू आले, तर तपासणीच्या तारखेची वाट बघायची नाही. घरच्यांना लगेच सांग, त्याच दिवशी दवाखान्यात जा, तोवर एकटी राहू नकोस.

आता दुधाचं. या वयाची बाळं संध्याकाळी तासन् तास पितात, सोडतात, पुन्हा मागतात. रडणंही साधारण सहाव्या आठवड्याच्या सुमारास सगळ्यात जास्त असतं, मग हळूहळू कमी होतं. नुसतं एवढ्यावरून दूध कमी आहे असं ठरत नाही. दिवस-रात्र मिळून सहा किंवा जास्त दुपटी ओली होतात का आणि वजन वाढतंय का, हे बघ. दोन्ही ठीक असेल तर तुझं दूध पुरतंय. वजन वाढत नसेल तर वरच्या दुधाचं बालरोगतज्ज्ञ ठरवतील, मालिशवाल्या मावशींनी ठरवू नये.

प्रेमाचं म्हणशील, तर बाळ पाहताक्षणी ते दाटून येतंच असं नाही. अनेकींना ते न्हाऊमाखू घालताना, जागरणं करताना, बाळ पहिल्यांदा ओळखून हसतं तेव्हा कधीतरी येतं. पोटावर टाके, डोळ्यांत झोप नाही आणि बघायला येणारा प्रत्येक जण बाळाचं नाक कोणावर गेलंय तेवढंच बघतो. डोहाळजेवणात ज्या मुलीभोवती सगळं घर होतं, तिला आता कोणी विचारत नाही, याचा मला फार राग येतो.

तुझ्या आईसाठी दोन शब्द. ताई, तुम्ही तीन वाढवलीत, पण हाताखाली सासू, जावा, नणंदा होत्या ना? आणि तेव्हाही कितीतरी जणी रडल्या असतील, त्यांना कोणी विचारलं नसेल एवढंच. सव्वा महिन्याच्या रिवाजातली एक गोष्ट मला मनापासून पटते: बाळंतिणीने फक्त विश्रांती घ्यायची. पण दिवसभर शेक, धुरी, डिंकाचे लाडू होतात, आणि रात्री मात्र ती एकटीच जागते. लेकीला रात्री सलग चार-पाच तास झोपू द्या. दहाला तिने पाजलं की बाळ तुमच्या खोलीत न्या. मधल्या वेळेसाठी तिने काढून ठेवलेलं दूध वाटी-चमच्याने पाजा. बाहेर ठेवलं तर ते चार तासांच्या आत वापरायचं.

नवऱ्यालाही हे वाचायला दे. तो आला की एक रात्र बाळ त्याच्याकडे, आणि डॉक्टरांकडे तो तुझ्यासोबत आत येईल, बाहेर बाकावर बसणार नाही.

घरात बोलायला जीभच रेटत नसेल तर आज दुपारी १४४१६ वर फोन कर. सरकारची टेलि-मानस सेवा आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. डॉक्टर काय म्हणाले ते मला नक्की कळव.

तुझी,
ताई