ईएसआयने आजारपणाचे पैसे नाकारले, पाठोपाठ नोकरीही गेली: दोन्ही अर्ज एकत्र चालतात का?

प्रश्न थोडक्यात असा. वाचक चाकणच्या एका कारखान्यात जून २०२१ पासून कंत्राटी कामगार. रोज ६५० रुपये, महिन्याला साधारण २६ दिवस. जुलै २०२४ मध्ये कंत्राटदार बदलला. माणसं तीच, मशीन तेच, फक्त गेटपासचा रंग बदलला. ३ फेब्रुवारी २०२५ ला सातारा जिल्ह्यातल्या गावी यात्रेला गेले असताना दुचाकी घसरून पाय मोडला. खासगी रुग्णालयात ऑपरेशन झालं. ३ मार्चला चाकणला परतल्यावर ईएसआयच्या (कर्मचारी राज्य विमा महामंडळाच्या) डॉक्टरांनी पुढची प्रमाणपत्रं दिली आणि १४ एप्रिलपासून कामावर जाण्यास योग्य ठरवलं. चौदाला आंबेडकर जयंतीची सुट्टी होती, म्हणून पंधराला गेले, तर गेटवरच अडवलं. जूनमध्ये शाखा कार्यालयाने आजारपणाचा दावा 'अंशदानाच्या (म्हणजे ईएसआयकडे भरायच्या विमा हप्त्याच्या) अटी पूर्ण नाहीत' म्हणून तोंडी फेटाळला. आता ईएसआयच्याच अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत बेरोजगारीची मदत मागायची आहे. पण मित्र म्हणतो, "आजारी होतो म्हणायचं आणि बेकार आहे असंही म्हणायचं, दोन्ही फाइली बाद होतील."

मित्राचा मुद्दा आधी निकालात काढू. दोन्ही अर्ज चालतात. मनाई एवढीच आहे की एकाच दिवसाचे दोन्हीकडून पैसे घेता येत नाहीत. आजारपणाचा तुमचा दावा ३ फेब्रुवारी ते १३ एप्रिल २०२५ चा आहे आणि बेरोजगारीचा त्यानंतरचा. आधी काम करता येत नव्हतं, नंतर काम करता येत होतं पण कुणी देत नव्हतं. यात विसंगती कुठे आहे? तारखा एकमेकींवर चढल्या तर मात्र अडचण आहे, आणि तुमच्या कागदांत त्या चढण्याची शक्यता दिसते. त्याकडे पुढे येतो.

तुम्ही पाठवलेला अंशदानाचा उतारा दोनदा वाचला. तुमच्या नावावर दोन विमा क्रमांक आहेत. जुन्या कंत्राटदाराचा क्रमांक जून २०२४ ला थांबतो. नव्या कंत्राटदाराने जुना क्रमांक न विचारता तुमची नवीन नोंदणी केली, ती १ जुलै २०२४ ची. कंत्राटी कामगारांच्या बाबतीत हे सर्रास घडतं. नवीन नोंदणी दोन मिनिटांत होते, जुना क्रमांक शोधायचा तर माणसाला विचारावं लागतं.

याने काय बिघडलं ते बघा. आजारपणाच्या लाभासाठी एप्रिल ते सप्टेंबर या सहा महिन्यांच्या अंशदान कालावधीत किमान ७८ दिवसांचं अंशदान लागतं, आणि त्यावर पुढच्या जानेवारी ते जून या काळातला लाभ मिळतो. तुमच्या जुन्या क्रमांकावर एप्रिल ते जून २०२४ चे दिवस आहेत २६, २६ आणि २४, म्हणजे ७६. दोन दिवसांनी हुकलं. नव्या क्रमांकावर जुलै ते सप्टेंबरचे २४, २५ आणि २३, म्हणजे ७२. शिवाय नव्या क्रमांकामुळे संगणक तुम्हाला आयुष्यात पहिल्यांदा नोकरीला लागलेला माणूस समजतो. अशा माणसाचा पहिला लाभ कालावधी नोकरी लागल्यापासून नऊ महिन्यांनी उघडतो, म्हणजे १ एप्रिल २०२५ ला. तुमचा पाय मोडला फेब्रुवारीत. म्हणून शाखेतला कारकून खोटं बोलत नव्हता; त्याच्या स्क्रीनवर खरंच काही दिसत नव्हतं. दोन्ही क्रमांक एकत्र केले की होतात १४८ दिवस आणि प्रश्न मिटतो.

याच दुरुस्तीवर तुमचा दुसरा अर्जही उभा आहे. अटल योजनेला बेरोजगारीच्या आधी किमान दोन वर्षं विमायोग्य (ईएसआय लागू असलेली) नोकरी लागते, लगतच्या अंशदान कालावधीत ७८ दिवस लागतात, आणि त्या दोन वर्षांतल्या उरलेल्या तीनपैकी एका कालावधीतही ७८ दिवस लागतात. नव्या क्रमांकावर तुमची नोकरी दहा महिन्यांचीसुद्धा नाही. या अवस्थेत ऑनलाइन अर्ज केलात तर तो पडणार, आणि मग एकाऐवजी दोन नकार घेऊन फिराल. म्हणून पहिला कागद विमा क्रमांक एकत्र करण्याच्या अर्जाचा.

अर्ज शाखा व्यवस्थापकाच्या नावे, दोन प्रतींत. सोबत आधार, दोन्ही ई-पहचान पत्रं (ईएसआयची ओळखपत्रं), दोन्ही क्रमांकांचे अंशदानाचे उतारे, जून आणि जुलै २०२४ च्या पगाराच्या नोंदी असलेलं बँक पासबुक, आणि असल्यास दोन्ही गेटपास. जुन्या क्रमांकावरचं नाव, वडिलांचं नाव आणि जन्मतारीख आधारशी अक्षरशः जुळतात का ते आधी पाहा. तुमच्या उताऱ्यात एका ठिकाणी आडनाव आधी आहे, दुसऱ्या ठिकाणी शेवटी. एवढ्यावरून विलीनीकरण महिनोन् महिने अडतं. नावदुरुस्तीची विनंती त्याच अर्जात घाला. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

त्याच दिवशी दुसरा अर्ज द्या, आजारपणाच्या दाव्याच्या फेरविचाराचा. तोंडी नकाराशी भांडता येत नाही, त्यामुळे मजकूर साधारण असा ठेवा: "माझा ३ फेब्रुवारी ते १३ एप्रिल २०२५ चा आजारपणाच्या लाभाचा दावा अंशदानाच्या अटीअभावी नाकारल्याचे मला जून २०२५ मध्ये तोंडी सांगण्यात आले. माझे दोन विमा क्रमांक असून दोन्ही मिळून एप्रिल ते सप्टेंबर २०२४ मध्ये १४८ दिवसांचे अंशदान जमा आहे. क्रमांक एकत्र करून दाव्याचा फेरविचार व्हावा. दावा नाकारायचाच असल्यास कारणांसह लेखी आदेश द्यावा." पायाच्या दुखण्याचं वर्णन आणि घरची परिस्थिती इथे नको. उत्तर आलं नाही तर १० रुपये शुल्क भरून माहितीच्या अधिकारात दाव्याच्या फाइलवरील टिपणं मागा. ३० दिवसांत द्यावी लागतात, आणि नकाराचं खरं कारण बहुतेक वेळा तिथेच हाती लागतं.

एक कारण मला आधीच दिसतंय. ३ फेब्रुवारी ते २ मार्च या २८ दिवसांचं ईएसआय डॉक्टरांचं प्रमाणपत्र तुमच्याकडे नाही, आणि ते मागच्या तारखेचं मागू नका, कुणी देऊ केलं तरी घेऊ नका. नियमांत पर्यायी पुराव्याची सोय आहे: परिस्थिती तशी असेल तर महामंडळ इतर पुरावा स्वीकारू शकतं. रुग्णालयाचं डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनची नोंद, तारीख छापलेले एक्स-रे आणि 'इतके दिवस चालण्यास व कामास असमर्थ' असं लिहिलेलं त्या डॉक्टरांचं प्रमाणपत्र द्या. शाखा ते मेडिकल रेफरीकडे, म्हणजे ईएसआयच्या पडताळणी करणाऱ्या डॉक्टरकडे, मतासाठी पाठवते. नुसतं 'उपचार चालू होते' लिहिलेलं असेल तर रेफरी फाइल परत लावतो, कारण लाभ असमर्थतेचा आहे, उपचाराचा नाही. पहिलं प्रमाणपत्र दिल्यापासून तीन दिवसांत आणि पुढची सात दिवसांत शाखेत पोचवायची असतात. उशीर झाल्यास योग्य कारण पाहून सूट देण्याचा अधिकार कार्यालयाला आहे. पाय प्लास्टरमध्ये, मुक्काम गावी, हे योग्य कारण आहे, पण लेखी मागा.

पैशांचा हिशेब असा. आजारपणाचा लाभ सरासरी रोजच्या वेतनाच्या ७० टक्के, म्हणजे ६५० वर ४५५ रुपये. एकूण ७० दिवसांतले पहिले दोन प्रतीक्षेचे, ते मिळत नाहीत. ६८ गुणिले ४५५ म्हणजे ३०,९४० रुपये. रेफरीने गावचे २८ दिवस नाकारले तरी ३ मार्चपासूनचे ४२ दिवस उरतात. मग प्रतीक्षेचे दोन दिवस तिथून कापून १८,२०० रुपये. तेव्हा पर्यायी पुराव्यावर अडून सगळा दावा लटकवू नका. वाद नसलेली रक्कम आधी द्या, असं लेखी म्हणा.

(अपघात यात्रेच्या गावी झाला म्हणून हे सगळं. तोच कामावर जाता-येता झाला असता तर तो कामावरची इजा ठरू शकला असता. तिथे ९० टक्के दर आहे आणि ७८ दिवसांची अटच नाही. इतर वाचकांनी हा फरक दावा भरतानाच पाहावा.)

आता तारखांची गाठ. कंत्राटदाराने मार्चच्या ऑनलाइन भरण्यात तुमच्यापुढे 'नोकरी सोडली' असं नोंदवलंय, तारीख ३१ मार्च २०२५. ती तारीख पकडून तुम्ही बेरोजगारी १ एप्रिलपासून मागितलीत, तर १ ते १३ एप्रिल हे तेरा दिवस दोन्ही दाव्यांत येतील आणि मित्राचं भाकीत खरं ठरेल. म्हणून अटल योजनेची मागणी १४ एप्रिल ते १२ जुलै २०२५ अशी करा, बरोबर ९० दिवस. ही मदत आयुष्यात एकूण ९० दिवसांचीच आहे. तुम्ही ऑगस्टपासून गोडाऊनमध्ये लागलात, त्यामुळे त्या काळात बेकार होतात हे निर्विवाद आहे.

दर सध्या ५० टक्के, पण कशाचा ते नीट समजून घ्या. मागच्या चार अंशदान कालावधींची एकूण कमाई भागिले ७३० अशी रोजची सरासरी काढतात. रविवार आणि तुमचे आजारपणाचे बिनपगारी दिवस भागाकारात येतात, कमाईत येत नाहीत. बावीस महिने गुणिले १६,९०० धरले तर रोजचे सुमारे ५०९ पडतात, त्याचे निम्मे २५४, नव्वद दिवसांचे २२,९०० च्या आसपास. ६५० चे निम्मे मिळतील या हिशेबाने उसनवारी करू नका.

'नोकरी सोडली' ही नोंद दुसऱ्या कारणानेही वाईट. स्वतःहून सोडणं, स्वेच्छानिवृत्ती किंवा गैरवर्तनामुळे बडतर्फी यांना ही योजना लागू नाही. तुम्ही राजीनामा दिलेला नाही, तसं अर्जासोबतच्या पत्रात स्पष्ट लिहा आणि १५ एप्रिलला गेटवर अडवल्यावर कंत्राटदाराच्या सुपरवायझरला केलेले व्हॉट्सअॅप निरोप छापून जोडा. 'फुल अँड फायनल घ्यायला या' म्हणून बोलावलं तर जा, पण छापील राजीनाम्यावर सही करू नका. १९४८ च्या ईएसआय कायद्याच्या कलम ७३ प्रमाणे प्रमाणित आजारपणात मालक कामगाराला काढू शकत नाही, आणि त्या काळात दिलेली कमी करण्याची नोटीस अवैध असते. ३१ मार्चला तुम्ही प्रमाणपत्रावर होतात. म्हणजे नोंद दुरुस्त करायची जबाबदारी त्यांच्यावर आहे. नोकरीवरून काढल्याचा दावा कामगार आयुक्तांकडे वेगळा चालतो. तो करायचा असेल तर अटल योजनेच्या अर्जासोबत 'सेवासमाप्ती मला मान्य नाही, त्याविषयीचे हक्क राखून' ही एक ओळ टाका.

मुदत: अटल योजनेचा अर्ज बेरोजगार झाल्यापासून एका वर्षाच्या आत हवा. कंत्राटदाराची तारीख ३१ मार्च आहे, म्हणून शेवटची तारीख तुम्ही १३ एप्रिल २०२६ न धरता मार्च २०२६ अखेर धरा. विलीनीकरण तोवर झालं नाही तरी पोर्टलवर अर्ज भरा आणि विलीनीकरणाच्या अर्जाची शिक्क्याची प्रत जोडा.

आजारपणाचा दावा फेटाळण्याविरुद्ध खात्यांतर्गत अपिलाची वेगळी पायरी कायद्यात नाही. वरच्या कार्यालयात तक्रार करा, दर महिन्याच्या 'सुविधा समागम' या ईएसआयच्या तक्रार-बैठकीत फाइल घेऊन बसा. विलीनीकरणासारखी अडलेली कामं तिथे खरंच हलतात. पण या खटपटीने न्यायालयाची मुदत थांबत नाही. दावा जातो कर्मचारी विमा न्यायालयात, कलम ७५ खाली, कारण घडल्यापासून तीन वर्षांत. दिवाणी न्यायालयाला अधिकार नाही. जिथे काम करत होतात तिथलं न्यायालय लागतं, त्यामुळे पुणे, सातारा नाही. वकील परवडत नसेल तर नोंदणीकृत कामगार संघटनेचा पदाधिकारी तुमच्या वतीने उभा राहू शकतो. प्रतिवादी तिघे करा: महामंडळ, कंत्राटदार आणि मूळ कारखाना. कंत्राटी कामगाराच्या अंशदानाची पहिली जबाबदारी मूळ मालकाची असते. उद्या निघालं की एखाद्या महिन्याचं अंशदान कापलं पण भरलंच नाही, तर कलम ६८ प्रमाणे महामंडळ तुम्हाला लाभ देऊन तो मालकाकडून वसूल करू शकतं.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून ईएसआय कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे. तुमचं आजारपण आणि नकार दोन्ही त्याआधीचे, म्हणून अर्जात जुन्या कायद्याची कलमं लिहा आणि 'तत्सम तरतुदींसह' असं जोडा. मात्र तीन वर्षं हातात आहेत म्हणून थांबू नका. दोन्ही अर्ज दिल्यावर तीन महिन्यांत लेखी उत्तर आलं नाही, तर शिक्क्याच्या प्रती घेऊन थेट न्यायालयात जा.

शाखेत जाण्याआधी एक गोष्ट तपासा. फेब्रुवारी आणि मार्चच्या हजेरीत कंत्राटदाराने तुम्हाला भरपगारी रजा दाखवली आहे का? ज्या दिवसाचा पगार मिळाला त्या दिवसाचा आजारपणाचा लाभ मिळत नाही, आणि गैरहजेरीच्या पडताळणीचा फॉर्म १० शाखा मालकाकडूनच भरून घेते. त्यात रजा दाखवली असेल आणि बँकेत पैसे आलेले नसतील, तर पासबुकाची ती दोन पानं सगळ्यात वर लावा.